पाम तेलातलं खनिज तेल: थेंबाचा पत्ता कसा शोधायचा

आधी एक हिशेब करू. तासाला ६० टन घड गाळणारी पाम मिल घ्या. तेलाचा उतारा २० टक्के धरला तर तासाला १२ टन कच्चं तेल निघतं, आठ तासांच्या पाळीत ९६ टन. या पाळीत स्क्रू प्रेसच्या गिअरबॉक्सचं सील पाझरत राहिलं आणि एक लिटर वंगण पाम तेलाच्या प्रवाहात मिसळलं, असं समजा. एक लिटर वंगण म्हणजे साधारण ८७० ग्रॅम. पाळीच्या सगळ्या मालात ते वाटलं तर किलोमागे ९ मिलिग्रॅम येतं. वंगणात पाव हिस्सा अरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलयं असलेला, असेल, तर त्यातलं सव्वादोन मिलिग्रॅम अरोमॅटिक. युरोपात खाद्यतेल ज्या आकड्याला अडवलं जातं तो आहे २ मिलिग्रॅम.

बाटलीभर वंगणानं ९६ टन माल अडकतो, आणि रंग, वास, चव यांवरून कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून शेवटच्या टाकीतून नमुना काढायचा, प्रमाणपत्र मिळवायचं आणि फाईल बंद करायची, ही पद्धत या बाबतीत उपयोगाची नाही. थेंब कुठे पडला ते शोधावं लागतं. रिफायनरी तो पुरता काढू शकत नाही, आणि जेवढा काढते त्याची भरपाई दुसऱ्या आकड्यात करावी लागते. पुढचं सगळं मिल, साठवण टाक्या, रिफायनरी किंवा मोठ्या खरेदीदाराकडे गुणवत्तेचं काम पाहणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

मॉश आणि मोआ

खनिज तेल हा एक पदार्थ नाही. क्रूडपासून आलेल्या हजारो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे, त्यामुळे त्याचं एक रेणूसूत्र लिहिता येत नाही. प्रयोगशाळा त्याचे दोन गट करतात. संपृक्त हायड्रोकार्बनांचा गट म्हणजे मॉश: सरळ, फांद्या फुटलेल्या आणि वलयांच्या साखळ्या. दुसरा मोआ, म्हणजे ज्यांत निदान एक अरोमॅटिक वलय आहे ते. कमी शुद्ध केलेल्या औद्योगिक खनिज तेलात मोआचा वाटा साधारण १५ ते ३५ टक्के असतो. औषधी दर्जाच्या पांढऱ्या तेलात तो जवळजवळ नसतोच. हा फरक लक्षात ठेवा, गळती कुठली आहे हे ओळखताना तो कामाला येतो.

युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफ्सानं, २०१२ मध्ये या दोन्ही गटांवर पहिलं सविस्तर मत दिलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं. मॉश शरीरात साठतं. फिशर-३४४ जातीच्या उंदरांच्या यकृतात त्यानं सूक्ष्म गाठी होतात, पण माणसात तसं होतं असं दिसत नाही, म्हणून आजच्या आहारातल्या प्रमाणाला मॉश चिंतेचं नाही, असं २०२३ चं मत सांगतं. मोआचं तसं नाही. तीन किंवा अधिक वलयं असलेले मोआ जनुकांना इजा करून कर्करोग घडवू शकतात. अशा पदार्थाला 'इथपर्यंत चालेल' अशी सुरक्षित रेषा आखता येत नाही. त्यामुळे अधिकाऱ्यांचा सगळा रोख मोआवर आहे.

अडचण अशी की नेहमीच्या अहवालात मोआचा एकच आकडा येतो. त्यात एका वलयाचे किती आणि तीन-चार वलयांचे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

नियम कुठे उभे आहेत

२००८ मध्ये युक्रेनमधून युरोपात गेलेल्या सूर्यफूल तेलात खनिज पॅराफिन सापडलं. त्या वेळी युरोपियन संघानं आयातीला अट घातली ती किलोमागे ५० मिलिग्रॅमची. आज त्याच बाजारात आपण २ चं बोलतो. विषारीपणाबद्दलचं ज्ञान वाढलं हे याचं एक कारण, पण मोजमाप सुधारलं हे त्याहून मोठं, असं मला वाटतं.

२०१७ मध्ये युरोपियन आयोगाच्या शिफारस २०१७/८४ नं सदस्य देशांना अन्नातलं खनिज तेल मोजायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये वनस्पती, प्राणी, अन्न आणि खाद्य यांवरच्या स्थायी समितीत सदस्य देशांचं एक निवेदन मान्य झालं. त्यात मोआच्या तीन रेषा आहेत. चार टक्के किंवा कमी मेद असलेल्या कोरड्या पदार्थांना ०.५, त्याहून जास्त मेद असलेल्यांना १ आणि तेल-मेदांना २ मिलिग्रॅम प्रति किलो. याहून जास्त मोआ सापडलं तर नियमन १७८/२००२ च्या १४व्या कलमाखाली माल बाजारातून मागे घ्यायचा. हे निवेदन कायद्यातल्या कमाल मर्यादेसारखं नाही, परिणाम मात्र तसाच होतो. दूषकांच्या मर्यादा नियमन २०२३/९१५ मध्ये येतात, तेव्हा मोआबद्दल त्याचीच ताजी आवृत्ती पाहत राहा. माल बंदरात पोहोचेल त्या दिवशी लागू असलेला आकडा महत्त्वाचा, सौदा झाला त्या दिवशीचा नाही.

मॉशवर असा सरसकट आकडा नाही. जर्मनीत उद्योग आणि राज्यांचे अधिकारी मिळून मार्गदर्शक मूल्यं ठरवतात. तिथे वनस्पती तेलांसाठी मॉशचं मूल्य १३ मिलिग्रॅम प्रति किलो ठेवलं, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या झाडांची तेलं त्यातून वगळली होती. म्हणजे पाम तेलाच्या व्यवहारात कुणी १३ हा आकडा पुढे केला तर तो कुठून आणला, हे विचारायला हरकत नाही.

काही देशांच्या नियमांत, भारतातही, खाद्यतेल 'खनिज तेलापासून मुक्त' असावं एवढंच लिहिलेलं असतं. हे वाक्य कडक वाटतं, पण त्यामागची जुनी चाचणी अशी: तेलाचं अल्कोहोलिक पोटॅशनं साबणीकरण करायचं, पाणी घालायचं आणि गढूळपणा येतो का ते पाहायचं. हिच्यात भेसळ सापडते, मागमूस सापडत नाही. अर्धा टक्का खनिज तेल म्हणजे किलोमागे ५००० मिलिग्रॅम, आणि आपण शोधतोय २. त्यामुळे 'खनिज तेल: निगेटिव्ह' असा शेरा पाहून समाधान मानू नका.

तसंच शाश्वततेचं प्रमाणपत्र. जंगल तोडलं का, मजुरांना काय वागणूक मिळते, असे त्याचे प्रश्न. गिअरबॉक्स गळतो का, हा त्याचा प्रश्न नाही. खरेदी विभागात ही दोन कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये असतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

पायरी पहिली: तेलाच्या वाटेनं चालत जा

कार्यालयात बसून काढलेल्या फ्लोचार्टमध्ये गळती सापडत नाही. पायात बूट घाला, हातात वही घ्या, आणि बागेपासून जहाजाच्या नळीपर्यंत तेल जिथून जातं तिथून चाला. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे तेलापासून हातभर अंतरात डिझेल, वंगण, ग्रीस, हायड्रॉलिक ऑइल यांपैकी काय आहे?

बागेत मोटरवर चालणारे कापणीचे कोयते असतात, त्यांच्या टाकीत इंधन आणि वंगणाचं मिश्रण. घड उचलणाऱ्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पंजा असतो, त्याच्या नळ्या घडांच्या नेमक्या वर हलत असतात. खाली पडलेले घड आणि सुटी फळं डांबरी रस्त्यावरून गोळा होतात. ट्रॉली परतीच्या फेरीत डिझेलचा बॅरल घेऊन जाते. यातली प्रत्येक गोष्ट एकटी किरकोळ, पण मिलच्या रॅम्पवर सगळ्यांची बेरीज होते. रॅम्पवर उभं राहून ट्रॉलीच्या तळाकडे पाहा, काळा ओशट थर दिसला तर तो वहीत लिहा.

मिलमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्या. पिंजरे ओढणाऱ्या गाड्यांची बेअरिंगं, स्टरिलायझरच्या दारांचं ग्रीस, कन्व्हेयरच्या साखळ्यांवर ब्रशनं फासलेलं तेल, डायजेस्टरचं तळचं बेअरिंग, प्रेसचा गिअरबॉक्स, प्रेसच्या शंकूला दाब देणारं हायड्रॉलिक, डिकँटर, पंपांची सीलं. डायजेस्टर आणि प्रेस इथे फळाचा गर आणि यंत्राचं वंगण यांच्यात फक्त एक सील असतं, आणि ते सील वाफ, दाब आणि तंतू यांच्या माऱ्यात काम करतं.

इथे एक साधं हत्यार आहे, प्रयोगशाळेपेक्षा स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त बोलकं: वंगणाची जमाखर्च वही. गिअरबॉक्स तेल पीत नाही. त्यात दर आठवड्याला दोन लिटर टॉप-अप करावा लागत असेल तर ते दोन लिटर कुठेतरी गेले आहेत. जमिनीवर गेले असतील तर डाग दिसेल. डाग नसेल तर ते बहुधा मालात गेले. प्रत्येक यंत्राला किती भरलं, वंगण बदलताना किती निघालं, फरक किती, हे यंत्रागणिक लिहा. मेन्टेनन्सच्या लोकांकडे ही माहिती असते, पण ती खर्चाच्या फाईलमध्ये अडकून पडते, गुणवत्ता विभागापर्यंत पोहोचत नाही. ही दोन टेबलं जोडली तर निम्मी चौकशी होते.

आता एच-१ वंगणाबद्दल. चुकून अन्नाला लागलं तरी चालेल अशा वंगणांची ही श्रेणी. अमेरिकेच्या नियमात अशा आकस्मिक स्पर्शाला १० पीपीएमपर्यंत मुभा आहे. तेलाजवळच्या प्रत्येक जागी एच-१ वापरा, हा सल्ला योग्यच, कारण त्यातली बरीच पांढऱ्या तेलावर किंवा कृत्रिम तेलावर बनतात आणि मोआ जवळजवळ आणत नाहीत. पण पांढरं तेल हे मॉशच असतं. एच-१ लावलं म्हणून गळती माफ होत नाही, फक्त तिचा कमी घातक प्रकार उरतो. आणि मोआचा मापदंड अमेरिकी नियमात नाही, त्यामुळे तिथला १० आणि युरोपातला २ हे एकमेकांशेजारी ठेवायचे आकडे नाहीत. पुरवठादाराकडून 'फूड ग्रेड' एवढा शब्द घेऊ नका, मोआचं मोजमाप मागा. आणखी एक: एकाच गोदामात एच-१ आणि साधं वंगण एकसारख्या निळ्या ड्रममध्ये असतील तर रात्रपाळीत काय होतं, हे सांगायला नको. ग्रीसगनचे रंग वेगळे ठेवा.

मग येतो गाळखड्डा. मिलच्या फरशीवरून वाहिलेलं सगळं, म्हणजे धुण्याचं पाणी, सांडलेलं तेल, यंत्रांखालचं वंगण, कधी जनरेटरच्या खोलीतलं डिझेल, शेवटी त्या खड्ड्यात आणि सांडपाण्याच्या तळ्यात जमतं. त्यावर तरंगणारं तेल काढून विकलं जातं. तांत्रिक वापरासाठी, वेगळ्या नावानं, वेगळ्या टाकीतून विकलं तर ठीक. ते कच्च्या तेलाच्या टाकीत परत ओतलं तर फरशीवरची प्रत्येक गळती मालात आली. उतारा दोन दशांशांनी वाढवण्याचा मोह मोठा असतो. मिलची तपासणी करताना मी असतो तर पहिला पाहिला असता तो खड्ड्यापासून निघणारा पाइप आणि त्याचं दुसरं टोक. तो पाइप कच्च्या तेलाच्या टाकीला जोडलेला असेल तर व्हॉल्व्ह बंद असल्याचं कुणी कितीही सांगो, पाइप कापून टाका.

पायरी दुसरी: टँकर आणि जहाज

टँकरची मागची खेप कोणती होती, हा या धंद्यातला जुना प्रश्न. जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये एका वृत्तपत्रानं उघड केलं की कोळशापासून बनवलेलं द्रव इंधन वाहणारे टँकर न धुता त्यातच खाद्यतेल भरलं जात होतं. त्यानंतर तिथे सुट्या खाद्यतेलाच्या वाहतुकीचं बंधनकारक मानक आलं. ते पाम तेलाचं प्रकरण नव्हतं, पण मागच्या खेपेचं इंधन पुढच्या तेलात यायला तेल कोणतं याची अडचण नसते.

समुद्रमार्गासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची आचारसंहिता, सीएसी/आरसीपी ३६-१९८७, आणि फॉस्फा या व्यापारी संघटनेचे नियम आहेत. मुद्दा सरळ आहे. टाकीतल्या मागच्या तीन खेपा जाहीर करायच्या. लगेच आधीची खेप स्वीकारार्ह यादीत हवी. बंदी असलेल्या पदार्थांची वेगळी यादी आहेच. युरोपियन संघात समुद्रातून येणाऱ्या द्रव तेलांसाठी नियमन ५७९/२०१४ मध्ये स्वीकारार्ह आधीच्या खेपा दिल्या आहेत. रस्त्यावरच्या टँकरला मात्र ही यादी लागत नाही, तिथे नियमन ८५२/२००४ सांगतं की सुट्या द्रव अन्नाचे टँकर अन्नासाठीच राखीव असावेत आणि तसं त्यांवर लिहिलेलं असावं.

कागद खोटा नसतो, अपुरा असतो. जहाजाच्या टाकीच्या तीन खेपा बरोबर लिहिलेल्या असतात, पण किनाऱ्यावरची नळी आधी कशासाठी वापरली, मिलपासून बंदरापर्यंत नदीतून आलेल्या बार्जमध्ये आधी काय होतं, हे त्या कागदात नसतं. म्हणून घोषणापत्र टाकीचं नाही, वाटेचं मागा: ट्रक, बार्ज, किनाऱ्यावरची टाकी, पाइपलाइन, नळी, जहाज. प्रत्येक ओतणीला एक ओळ.

टाकी गरम ठेवायची सोय हाही एक मार्ग. पाम तेल थंडीत घट्ट होतं. कोडेक्स साठवणीला ३२ ते ४० आणि चढवता-उतरवताना ५० ते ५५ अंश सेल्सिअस सांगतं. ही उष्णता वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या नळ्यांनी दिली तर नळी फुटली तरी पाणीच येईल. थर्मल ऑइलच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या, नळ्या असतील तर येईल ते थर्मल ऑइल. जहाजाला वाफ आहे की थर्मल ऑइल, हे भाडेकरारातच विचारा. जहाज बंदरात लागल्यावर विचारून उपयोग नाही.

चढवायला सुरुवात झाली की पहिल्या थोड्या मालाचा नमुना वेगळा घ्या. पाइप आणि नळीत उरलेलं काही असेल तर ते या पहिल्या लोटात सापडतं. खनिज तेल पाम तेलात विरघळतं, वर तरंगून दिसत नाही. सगळा माल भरल्यावर ते हजारो टनांत पसरतं आणि कुणाच्या नळीतून आलं हे कधीच सिद्ध होत नाही.

पायरी तिसरी: नमुना

इथे चुका क्षुल्लक दिसतात आणि निकाल उलटवतात. १०० ग्रॅम तेलात २ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, एका थेंबाहून कितीतरी कमी. नमुना घेणाऱ्यानं हातांना क्रीम लावलेलं असेल, नमुना काढायच्या नळीच्या सांध्याला ग्रीस असेल, बाटलीच्या झाकणात प्लास्टिकचं अस्तर असेल, तर तुम्ही मालाऐवजी स्वतःचीच तपासणी करताय.

काच किंवा अॅल्युमिनियमची बाटली घ्या, हेक्झेननं धुऊन सुकवलेली. झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल. पुठ्ठ्याच्या खोक्यात बाटली थेट ठेवू नका, छापील आणि पुनर्वापरातल्या पुठ्ठ्यात खनिज तेल असतंच. नमुना आयएसओ ५५५५ प्रमाणे घ्या, आणि तेल पूर्ण वितळलेलं असू द्या. अर्धवट गोठलेल्या टाकीच्या वरच्या थरातून काढलेलं पातळ तेल सगळ्या टाकीचं प्रतिनिधी नसतं. शिवाय एक रिकामी, धुतलेली बाटली त्याच जागी उघडून, बंद करून सोबत पाठवा. तिच्यात मोआ निघालं तर दोष मालात शोधू नका. तीन सीलबंद नमुने ठेवा: एक तुमचा, एक समोरच्याचा, एक वादासाठी.

साखळीत नमुने कुठे? ओतणी होते त्या प्रत्येक ठिकाणी. बजेट कमी असेल तर सगळे तपासू नका, सगळे घेऊन थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि फक्त शेवटचा तपासा. आकडा वर आला तर मागे मागे जात तपासा. आठ नमुन्यांची साखळी असेल तर मधला आधी तपासायचा, मग योग्य अर्ध्याचा मधला. तीन चाचण्यांत नेमका सांधा हाती लागतो.

पायरी चौथी: अहवाल वाचायला शिका

वनस्पती तेलांसाठीची जुनी युरोपियन पद्धत ईएन १६९९५, २०१७ ची. ती किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर भरवशाची आहे, त्यामुळे २ च्या प्रश्नावर तिचा उपयोग नाही. कमी प्रमाणासाठी २०२४ मध्ये आयएसओ २०१२२ आलं. प्रयोगशाळा निवडताना 'मॉश-मोआ करता का?' असं विचारू नका. 'पाम तेलात मोआची मोजण्याची खालची मर्यादा किती, आणि कोणत्या पद्धतीनं?' असं विचारा.

पाम तेल हे या चाचणीसाठी सगळ्यात त्रासदायक तेलांपैकी एक, आणि कारण त्याच्या लाल रंगात आहे. कच्च्या पाम तेलात किलोमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटिन असतं, वर स्क्वालीन हा तेलातलाच नैसर्गिक हायड्रोकार्बन. हे दोन्ही सिलिका स्तंभातून मोआच्या जोडीनं बाहेर पडतात. २ मिलिग्रॅम शोधताना त्याच रांगेत त्याच्या तीनशे पट गर्दी. त्यामुळे प्रयोगशाळा इपॉक्सिडेशन करते: कॅरोटिन आणि स्क्वालीनच्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन बसवून त्यांना ध्रुवीय करते, म्हणजे ते सिलिकाला चिकटून राहतात. प्रक्रिया कमी पडली तर कॅरोटिनचे अवशेष मोआ म्हणून मोजले जातात, जास्त झाली तर खऱ्या मोआतले काही, विशेषतः गंधकयुक्त, नष्ट होतात. मॉशच्या बाजूला झाडाच्या मेणातले विषम कार्बनसंख्येचे अल्केन असतात, ते अॅल्युमिनानं वेगळे करावे लागतात.

म्हणून नुसता आकडा स्वीकारू नका, क्रोमॅटोग्राम, म्हणजे चाचणीच्या यंत्राचा आलेख, मागा. खरं खनिज तेल गुळगुळीत, रुंद कुबड्यासारखं दिसतं. टोकदार शिखरांचं रान दिसलं तर आधी प्रयोगशाळेला फोन करा. ठराविक अंतरानं पुन्हा पुन्हा येणाऱ्या झुपक्यांवरून प्लास्टिकच्या पॉलिओलेफिनचे अंश ओळखू येतात, ते खनिज तेल नव्हे. कार्बनसंख्येनुसार तुकडे मागा: मोआसाठी सी-१० ते १६, १६ ते २५, २५ ते ३५ आणि ३५ ते ५० असे चार.

या तुकड्यांवरून थेंबाचा पत्ता लागू लागतो. कुबड सी-१६-१८ च्या आसपास असेल तर डिझेलकडे पाहा: टँकर, जनरेटर, ट्रॉली. सी-२५ ते ३५ मध्ये मोआसकट कुबड असेल तर साधं वंगण किंवा हायड्रॉलिक ऑइल. तिथेच मॉशचं कुबड असून मोआ जवळजवळ शून्य असेल तर पांढरं तेल, म्हणजे बहुधा तुमचंच एच-१. खात्री करायची असेल तर मिलमधल्या प्रत्येक वंगणाची एक छोटी बाटली त्याच प्रयोगशाळेत देऊन त्यांचे क्रोमॅटोग्राम आधीच काढून ठेवा, एकदाच करायचं काम. नंतर कुबड आलं की ते समोर ठेवून जुळवा. वादात जावं लागलं तर द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची मदत घ्या. होपेन आणि स्टेरेन दिसले तर पेट्रोलियमचा संबंध नाकारता येत नाही.

२ च्या आसपासचे निकाल प्रयोगशाळांत थोडे वेगळे येणारच. २.२ पाहून घाबरायचं कारण नाही आणि १.९ पाहून निवांत व्हायचंही नाही. अनिश्चिततेसह आकडा मागा, आणि स्वतःची अंतर्गत रेषा १ ठेवा.

पायरी पाचवी: रिफायनरीकडून काय अपेक्षा ठेवायची

डिओडोरायझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास घालवणाऱ्या यंत्रात, निर्वातात २४० ते २६० अंशांना वाफ सोडली की हलके हायड्रोकार्बन उडून जातात. साधारण सी-२५ पर्यंतचा भाग बराच निघतो. म्हणजे डिझेल बरंचसं जातं, वंगण बरंचसं राहतं. मिलमधली गळती बहुतेक वंगणाचीच असते. सक्रिय कार्बन जड बहुवलयी हायड्रोकार्बन धरतो आणि मोआचा काही भाग घेऊन जातो, सगळा नाही.

मग तापमान आणखी वाढवायचं? इथेच खड्डा आहे. २३० अंशांच्या वर जाल तसे ग्लिसिडिल एस्टर हे तापवताना तयार होणारे दूषक झपाट्यानं वाढतात, आणि त्यांची युरोपियन मर्यादा किलोमागे १००० मायक्रोग्रॅम आहे. थ्री-एमसीपीडी हा तसाच दुसरा दूषक, पाम तेलासाठी त्याची मर्यादा २५०० आहेच. मोआ घालवायला तापमान चढवायचं आणि ग्लिसिडिलच्या अहवालात अडकायचं, ही रिफायनरीची नेहमीची कसरत. कच्च्या तेलात मोआ कमी असेल तर रिफायनरीला तापमान खाली ठेवता येतं, म्हणून मिलमधल्या सीलचा खर्च रिफायनरीच्या नफातोट्यात दिसतो.

उडालेलं जातं कुठे, हेही विचारा. ते फॅटी ॲसिड डिस्टिलेटमध्ये साठतं. डिस्टिलेट मूळ तेलाच्या ५ टक्के धरलं तर तेलातून काढलेले ५ मिलिग्रॅम तिथे १०० होतात. ते डिस्टिलेट पशुखाद्याला जात असेल तर प्रश्न संपलेला नाही, फक्त दुसऱ्या टाकीत गेला आहे.

रिफायनरीची स्वतःची भरही असते. थर्मल ऑइलवर चालणारा डिओडोरायझर असेल तर उच्च दाबाच्या वाफेवर जाण्याचा विचार करा, तोवर थर्मल ऑइलच्या पातळीचा रोजचा आकडा लिहा. पातळी विनाकारण खाली गेली तर उत्पादन थांबवा.

पायरी सहावी: करार, आणि आकडा वर आला तर

करारात 'लागू नियमांप्रमाणे' असं मोघम लिहू नका. मोआ किती, कोणत्या पद्धतीनं, मोजण्याची खालची मर्यादा किती, कोणत्या टप्प्यावरचा नमुना निर्णायक, वाद झाला तर तिसऱ्या नमुन्याची प्रयोगशाळा कुठली, हे सगळं लिहा. कच्च्या तेलाची आणि शुद्ध तेलाची रेषा वेगळी ठेवा, कारण कच्च्यात इपॉक्सिडेशनचा प्रश्न मोठा आणि शुद्ध तेलात हलका भाग आधीच गेलेला. वंगण बदललं, थर्मल ऑइलची यंत्रणा बसवली किंवा गाळखड्ड्याची व्यवस्था बदलली तर पुरवठादारानं कळवावं, अशी एक अट घाला. ती फुकट आहे आणि फार थोड्या करारांत असते.

आकडा वर आला तर क्रम असा: माल रोखा आणि कुणालाही पाठवू नका, त्याच नमुन्याची दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचणी लावा, त्याच वेळी साखळीतले ठेवलेले नमुने काढा. युरोपात माल पोहोचला असेल आणि निकाल पक्का असेल तर अधिकाऱ्यांना कळवणं हा पर्याय नाही, कर्तव्य आहे. कमी मोआच्या मालात मिसळून आकडा खाली आणायचा सल्ला कुणीतरी देईलच. नियमन २०२३/९१५ मर्यादेबाहेरचं अन्न मर्यादेत आणण्यासाठी असं मिसळायला मनाई करतं.

मग मिलमध्ये परत जा, वंगणाची वही उघडा, आणि त्या पाळीच्या तारखेला कोणत्या यंत्रात किती लिटर भरलं ते पाहा.